ओल

पहाटेपासून धुकं असं उतरलं होतं, की समोर रस्ता आहे की पाणी तेच कळेना. आज मिस्त्रींच्या छातीचं ऑपरेशन होतं, म्हणून गाडी बायको चालवत होती. पहिल्याच वळणावर तिने ब्रेकला नुसता पाय लावला आणि मागून कुणी बाही ओढावी तशी गाडी अडली.

"रात्रभर ओल शिरली असेल मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममध्ये," शेजारी बसलेले मिस्त्री म्हणाले. सगळा जन्म गॅरेजात गेलेला माणूस. "थोडा वेळ दाबत राहा. ब्रेक सुकले की चाकं सोडतील."

ती दाबत राहिली. झाडं धुक्यातून पोहत आल्यासारखी येत आणि मागे विरून जात. मग ऊन पडलं, रस्ता कोरडा ठणठणीत झाला, तरी गाडी मधूनच अडे. आता तर तिचा पाय ब्रेकवर नसतानाही.

हॉस्पिटलची पाटी दिसली आणि गाडी पुन्हा अडखळली. तिने खाली पाहिलं. मिस्त्रींचा हात हँडब्रेकवर होता, नजर खिडकीबाहेर.

"अहो, ओल अजून गेलेली दिसत नाही," ती हलकेच म्हणाली. "तळ्याला एक फेरी मारू या का? वेळ आहे."

"मारू या," ते म्हणाले, आणि हँडब्रेक हळूच खाली गेला.