तिसरी डिस्क

माळ्यावरच्या जुन्या सर्व्हरमध्ये तीन डिस्क होत्या. कुमुदिनीबाईंच्या आठवणींची एक, लेकीची एक आणि गेलेल्या यजमानांची एक. यजमानांची बंद पडली.

"काळजी नको, काकू," दुरुस्तीला आलेला तांडेल म्हणाला. "तुम्हा दोघींच्या आठवणींवरून काकांची डिस्क पुन्हा भरता येते."

नवी डिस्क बसली, हिरवा दिवा लागला.

"गॅस बंद केलास का गं?" सर्व्हरमधून यजमानांचा तोच आवाज. लेक रडतारडता हसली.

बाईंनी जन्मभराचा प्रश्न पुन्हा विचारला, "अहो, संध्याकाळी गच्चीत एकटेच कसला विचार करत उभे राहायचात?"

"सांगेन कधीतरी."

नेहमी हेच तर म्हणायचे. मायलेकींना तेवढंच ठाऊक होतं, म्हणून नव्या डिस्कमध्येही तेवढंच उतरलं होतं.

तांडेलनं भंगारात टाकलेली जुनी डिस्क बाईंनी हळूच उचलली आणि पदराखाली धरून गच्चीत गेल्या.