पायी पाच मिनिटं

१९६६ साली मला दोन स्थळं आली. नागपूरच्या मुलाकडे मोटार होती, मिरजेच्या शिक्षकाकडे सायकलही नव्हती. मी नर्स होते. नोकरी सोडायची नव्हती.

“नागपुरात ड्युटीला कशी जाणार?” मी विचारलं.

“जावईबापू सोडतील की मोटारीनं!” माझे वडील, अण्णा म्हणाले.

“आणि नाही सोडलं तर?”

“अगं, तू नवरा बघतेयस की गाव?”

मी गोंधळले. पण मिरजेत शिक्षकाच्या घरापासून दवाखाना पायी पाच मिनिटांवर होता. तिथंच हो म्हटलं.

चौथ्याच महिन्यात ह्यांची जतला बदली झाली. मी मिरजेतच राहिले, मेट्रन होऊन निवृत्त झाले. हे बावीस वर्षं फक्त शनिवारी एसटीनं यायचे.

नागपूरकरांशी माझ्या धाकट्या बहिणीनं, कुमुदनं लग्न केलं. ती मोटार शिकली, स्वतः चालवत नोकरीला गेली आणि रोज नवऱ्याबरोबर जेवली. अण्णा शेवटपर्यंत आम्हा दोघींनाही शहाणी म्हणायचे. दोघींपैकी खरी शहाणी कोण, ते मला अजून कळत नाही.