डोळे मिटून

आमच्या जिंतूरच्या चर्चमध्ये शांतवनकाका प्रार्थनेतूनच लोकांच्या चुका काढतात. गेल्या महिन्यात भर उपासनेत ते म्हणाले, "हे प्रभू, रोज उशिरा येणाऱ्या आमच्या भगिनीला घड्याळ बघायची बुद्धी दे." चारठाण्याहून टमटमने येणारी सलोमीबाई त्यानंतर फिरकलीच नाही.

काकांना एकट्यात, नम्रपणे समजवायचं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो. दोन कप चहा झाला तरी माझं तोंड उघडेना. शेवटी काकाच म्हणाले, "निघायच्या आधी प्रार्थना कर, बाबा."

मी डोळे मिटले. "हे प्रभू, प्रार्थनेतून दुसऱ्याला टोमणे मारणाऱ्यांना तू..."



काकांनी हळूच माझा हात धरला. "देवाला माहिती हाय. डोळे उघड अन् मला सांग."