कावळा शिवेना

"चहाच राहिला असेल," आत्या म्हणाली. "चहाशिवाय दादाचं पान हलायचं नाही." कुणीतरी थर्मासमधला चहा पिंडाशेजारी ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे नुसते बसून होते.

वडिलांच्या दहाव्याला घाटावर उभा असलेला शिरीष त्यांची राहिलेली इच्छा शोधत एकेक कबूल करत गेला. देवळावर पत्रा घालीन. धाकटीचं लग्न थाटात करीन. कावळे हलेनात.

"अरे, त्याचा जीव वहिनीत अडकलाय," आत्या त्याच्या कानाशी लागली. "आईला पुण्याला नेतो म्हण की."

सगळ्यांना तेच वाटत होतं. त्यालाही. बायको नदीकडे बघत होती. तो म्हणाला, "बाबा, आईला मी..." आणि खोकला आल्यासारखं केलं.

मागून आई पुढे आली. पदर सावरून तिने हात जोडले. "अहो, मी इथेच राहीन एकटी. पोरांना अडवून धरू नका. या आता."

कावळा उतरला.

"बघ," आत्याने डोळे पुसले. "तिच्यातच जीव होता."

सुटलो, असं शिरीषच्या मनात आधी आलं. मग आईकडे बघायला त्याची मान वर होईना.