मागच्या पट्ट्यातली हरळी

"पुढे तुमचं पुण्याचं गवत लावा साहेब, पण मागच्या पट्ट्यात हरळीच," सुपडू म्हणाला आणि बागेचा नकाशा घडी करून परत दिला.

ओव्हरसियर रतिलाल वाणी वैतागले. नगरपालिकेची ही पहिलीच बाग. उद्घाटनाला पंधरा दिवस राहिलेले, आणि रोजंदारीवरचा माळी त्यांना गवत शिकवत होता. रतिलाल धुळे शहरात वाढलेले. त्यांच्या लेखी गवत दोनच प्रकारचं, हिरवं आणि वाळलेलं.

"हरळीच का?"

"आपल्याकडचा मे महिना आहे साहेब. पुण्याचं गवत लाडाचं, दोन दिवस पाणी चुकलं की मान टाकतं. हरळी आम्ही जन्मभर शेतातून उपटून फेकली. मेली का कधी?"

म्हणणं पटण्यासारखं होतं. रतिलालनी पाण्याच्या टाकीमागचा पट्टा नमुना म्हणून त्याला दिला. बाग चांगली उतरली तर सुपडूला कायम करायचं ठरलं होतं. बिघडली तर काय, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

आठ दिवसांत पुढचं गवत छान बसलं. मागच्या पट्ट्याला मात्र रोज सकाळी नवं टक्कल पडे. दुपारी सुपडू तिथे हरळीच्या काड्या पुन्हा रोवी, संध्याकाळी माती मऊ होईपर्यंत पाणी देई. सकाळी बघावं तर पुन्हा टक्कल.

"हुमणी लागली असेल," सुपडू खाली मान घालून म्हणाला.

रतिलालनी स्वतः खुरपं घेऊन खणलं. औषधाला एक अळी सापडली नाही.

"चार दिवस उरलेत सुपडू. तिथेही पुण्याचंच लावून टाकू."

"नको साहेब."

एवढंच. माणूस मुळात अबोल. पहिला महिनाभर तर त्याने कामापुरतंही धड तोंड उघडलं नव्हतं. हरळी रोवताना मात्र तो स्वतःशी गुणगुणायचा. त्याची आई ताईबाई दुपारी भाकरी घेऊन यायची आणि निंबाखाली बसून त्याच्याकडे बघत राहायची. त्याची दुसरी भाकरी संपल्याशिवाय ती आपला घास तोडत नसे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रतिलाल बागेत आले. आज चोर धरायचाच, असं ठरवून आले होते.

पट्ट्यात ताईबाई उकिडवी बसली होती. निंदणीला बसावं तशी ओळ धरून सरसर हरळी उपटत होती. उपटलेली झटकून ओल्या पोत्याखाली नीट ठेवत होती.

रतिलाल हाक मारणार, तोच मागून कोणीतरी त्यांची बाही धरली. सुपडू होता.

"बोलू नका साहेब," तो हळूच म्हणाला. "तापीच्या धरणात शेत गेलं आमचं, तीन वर्षं झाली. केळी पाण्याखाली जाताना तिनं पाहिली आणि जेवण सोडल्यासारखंच केलं. नुसती बसून राहायची. इथे एकदा मला डबा द्यायला आली, कुंपणाजवळ हरळी दिसली आणि उपटायलाच लागली. त्या दिवशी पोटभर जेवली."

"म्हणून तू हरळी मागितलीस?"

"पुण्याच्या गवताला ती हात लावत नाही, ते तिच्या ओळखीचं नाही. हरळी पाहिली की तिला वाटतं, पोराच्या शेतात तण माजलं. बकरीसाठी म्हणून पोत्याखाली ठेवते. मी तीच दुपारी परत लावतो." तो थांबला. "मला काढायचं तर काढा साहेब. तिला फक्त कळू देऊ नका."

रतिलालची स्वतःची आई धुळ्याला दोन खोल्यांत एकटीच दिवस काढत होती, आणि दिवाळीपासून त्यांचं तिकडे जाणं झालं नव्हतं. त्यांनी खिशातून नकाशा काढला आणि मागच्या पट्ट्यावर पेन्सिलीने लिहिलं: रोपवाटिका, प्रवेश बंद.

उद्घाटन चांगलं पार पडलं. टाकीमागे कोणी फिरकलं नाही. सुपडू कायम झाला. हारतुरे आटोपल्यावर रतिलाल सहज मागे गेले. ताईबाई आपल्या ओळीवर होतीच. सुपडू लांब, पुढच्या गवतावरून पोरं हाकलत होता.

रतिलाल तिच्याशेजारी बसले. आपलाही हात लागावा म्हणून त्यांनी चार काड्या उपटल्या आणि कुंपणाबाहेर भिरकावल्या.

"फेकू नको भाऊ." म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली, तारेतून हात घालून काड्या वेचल्या आणि पोत्याखाली सारल्या. "उन्हानं वाळून जातीन."

"वाळू द्या की अक्का. तण तर आहे."

ताईबाईने सुपडू किती लांब आहे ते आधी पाहून घेतलं.

"शेत गेलं तवापासून मुकं झालं होतं माह्यं पोरगं. भिंतीकडे पाहत बसे," ती म्हणाली. "हे लावाले लागला, तवा कुठे गाणं म्हनते, दोन भाकरी खाते. सकाळी मी उपटलं नाही, तं दुपारी त्याले लावाले काय उरीन?"