मेन स्विच

"मेन बंद कर," आत्या म्हणाली. "घरचा कर्ता गेलाय आणि कारखान्यात वीज चालू. लोक काय म्हणतील?"

मी स्विचसमोरून हलले नाही. सूत रंगवायच्या मशीनवर टचस्क्रीन होती. अण्णांनी वर्षानुवर्षं चुकत, सुधारत बसवलेल्या रंगांची मापं फक्त तिच्या मेमरीत होती. आतली बॅटरी संपल्याची सूचना, अण्णा दवाखान्यात गेल्यापासून, तिच्यावर झळकत होती. वीज बंद झाली की मापं पुसली जाणार. हे मी आत्याला दोनदा सांगितलं.

"बापाची राख निवली नाही अजून, आणि हिला मशीनची पडलीय." ती मागच्या घरात निघून गेली. मी स्विचजवळ खुर्ची टाकून बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनच्या कंपनीचा माणूस आला. त्याने स्क्रीनला पेन ड्राइव्ह जोडून बॅकअप घेतला आणि लॅपटॉपवर उघडून दाखवला. पोपटी, मोरपंखी, विटकरी. सगळ्यांची मापं जागच्या जागी होती.

"झालं, ताई. आता बिनधास्त बंद करा."

मी मेन खाली ओढला. स्क्रीन काळी झाली. पॅनेलचा पंखा गरगरत थांबला, तेव्हा मागच्या घरातलं रडणं ऐकू आलं. मी आत गेले. आत्या एकटीच बसली होती.

"केलंस बंद?" तिने डोळे पुसत विचारलं.

"हो."

ती सतरंजीवर जरा सरकली. मी तिच्याशेजारी बसले.