हंड्याला सांगितलेलं सपान

त्या उन्हाळ्यात जतच्या माळावरचा ओढा आटला आणि नुसती वाळू उरली. ब्रह्मदेशच्या लढाईवरून सुटीला आलेला जोतीराम घरात निजला होता. ओसरीवर त्याची आई बनुबाई, स्वप्नांचा अर्थ सांगणाऱ्या म्हाताऱ्या राहीबाईपुढं बसली होती.

"आवं, सपनात माझ्या जोतीचं लगीन लागलं."

राहीबाईचा चेहरा उतरला. स्वप्नातलं लग्न म्हणजे मरणाची चाहूल.

"वाईट सपान वाहत्या पाण्याला सांगायचं, बाई. पाणी ते घिऊन जातं. सांगितलंस न्हवं?"

"वाहतं पाणी कुठलं आणू? घरातल्या हंड्याला सांगितलं."

"अगं येडे, मग ते जाईल कुठं? जा, आदी वतून टाक ते पाणी! कुणी प्यालं न्हाई न्हवं?"

बनुबाई आत धावली. हंड्यावरचं झाकण खाली पडलं होतं. शेजारी जोतीराम ओल्या मिशा पुसत उभा होता.

बाहेर भर उन्हात मेंढरंसुद्धा गप होती. कुठं पाखराचा आवाज नव्हता.

जोतीरामनं कान टवकारले आणि तो लहानपणीसारखा हसला.

"आये, वाजंत्री कुणाची गं? आपल्याच दारात आली की!"